तीन टिंब शून्य

फैजपूर, मे महिना, दुपारचे सव्वादोन.
कूलरमधलं पाणी संपलंय, आणि मी
अकरा वर्षांपूर्वीची माझीच एक ओळ पुसतोय.

तेव्हा वाटलं होतं,
केळीचं वजन म्हटलं की दांडा वजा होणारच,
विचारायचं काय त्यात?
म्हणून लायब्ररीत गुपचूप वजा केला,
शेकडा आठ.
कुठे लिहिलं नाही.
सावद्याला कुणी लिहितं का असलं?

मग ती फुकट वाटली जगाला.
कोण नेतंय, पाहिलं नाही.

परवा इक्वेडोरहून एक बाई विचारत होत्या, फार नम्रपणे,
त्यांची केळी काट्यावर चढली की हलकी का होतात.
त्यांच्याकडे दांडा आधीच काढलेला असतो.
माझी ओळ तरीही कापत होती
नसलेला दांडा,
चार वर्षं.

दुरुस्ती एका आकड्याची.
पण लीलाधर फेगड्यांचा काटा त्याच चुकीवर उभा आहे,
आणि यावल, रावेर, बऱ्हाणपूरपर्यंत अजून किती,
मला नावंही ठाऊक नाहीत.
त्यांनी उद्या नुसतं अपडेट दाबलं
तर शंभराचे ब्याण्णव होणार नाहीत,
आणि काट्यापाशी उभी दोन माणसं
एकमेकांना चोर म्हणतील.
मला नाही.

वर्षभर इशारा छापत होतो पडद्यावर:
दांडा वजा करायचा की नाही, ते तुम्ही सांगा,
यापुढे मी गृहीत धरणार नाही.
फेगड्यांना फोन केला तर म्हणाले,
'ते पिवयं पिवयं येतं ना भो, ते?
पोरगं म्हने वाचू नको, चालतं ना.'

घड उतरला की खोड लगेच मुळातून काढत नाहीत आमच्याकडे.
अर्धं कापून उभं ठेवतात.
त्यातलं पाणी पिलाला उतरत राहतं,
मग ते आपलं आपण वाळतं.

जुनी शाखा ठेवलीये दिवाळीपर्यंत.
तिच्यात नवं काही येणार नाही,
गळलं तर तेवढं बुजवीन.
नव्या आवृत्तीचा पहिलाच आकडा बदलला, दोनाचा तीन,
लांबून दिसावा म्हणून.
बदलांच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं:
हे मोडेल. कुठे मोडेल, तेही.
आणि त्याखाली: चूक माझी होती.

ही शेवटची ओळ तीनदा खोडली.

आता ऊन उतरलं की सावद्याला जातो,
फेगड्यांच्या काट्यावर एक ओळ हाताने टाकायला.
इक्वेडोरला पत्र गेलंय.
बाकीच्यांचे पत्ते नाहीत.