चौथं

मंडळाची माणसं यायची असली की
मी बुद्धाला टॉवेलांच्या घडीत ठेवायचे,
गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात.
स्विंडनच्या या घरात तेवढीच एक जागा
जिथं पाहुणे डोकावत नाहीत.
तिथं ऊब असते.
थंडीत त्याला बरंच की, असं मी मनाशी म्हणायचे.

आडनाव विचारलं की गाव सांगायचे.
गाव विचारलं की जिल्हा.
जिल्हा विचारला की, चहात साखर किती?

प्रबोध म्हणायचा, इथं कोण बघतंय आता.
पण कपाट त्यानंही कधी उघडलं नाही.

उत्पला आठ वर्षांची.
शाळेतून येते ती अर्धा प्रश्न दारातच टाकून.
"मेव्हिसच्या घरी नरक आहे. आपल्याकडे आहे का?"
नाही गं.
"मग शील मोडलं तर?"

माझ्या हातात इस्त्री, तिच्या युनिफॉर्मवर वाफ.
आमच्या लहानपणी धाक दाखवल्याशिवाय
काही शिकवता येतं
यावर कुणाचाच विश्वास नव्हता,
गणिताच्या मास्तरांचा तर नाहीच.
एक अण्णा सोडून.
दिवसभर रुळांवर घण घालून आलेले अण्णा
पौर्णिमेला धुतलेला पांढरा सदरा घालून बसायचे
आणि म्हणायचे, मोडलं? मग परत घे.
हातातून पेला पडावा आणि उचलावा,
इतकंच.

तेच सांगितलं तिला. परत घ्यायचं.
"कितीदा?"
मोजत नाहीत.

अंगठ्यापासून एकेक बोट धरत
तिनं पाचही म्हणायला घेतली,
अनामिकेवर थांबली.
"खोटं बोलायचं नाही, हे चौथं ना?"
हो.
"मग कपाट?"

इस्त्री तेवढी फुसफुसली.

शनिवारी सगळे आले,
दिवाळीच्या हॉलचं भाडं ठरवायला.
बुद्ध खिडकीत, जिरेनियमच्या कुंडीशेजारी,
कानाला अजून टॉवेलचा निळा धागा.
एक वहिनी म्हणाल्या, छान आहे हो, फेंगशुईचा का?

हो, गार्डन सेंटरमधून.
हे वाक्य जिभेवर तयार होतं, घडी घातलेलं.
उत्पला चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती,
माझ्याकडे बघतही नव्हती.

नाही, म्हटलं. आमचा आहे. आम्ही बौद्ध.

भीती गेली वगैरे काही नाही.
सोफ्यावर सगळ्यांच्या मधे बसून होती ती,
बशी धरून.
कुणी चमचा ढवळला, बराच वेळ.
कुणी पार्किंगचं काढलं.
वहिनींनी पुढे होऊन
कानावरचा निळा धागा काढला
आणि कुठं टाकावा न कळून
मुठीतच ठेवला.

रात्री पांघरुणातून उत्पला म्हणाली,
"तुझा आवाज का हलत होता?"
पहिल्यांदाच म्हटलं ना गं.
"मग परत म्हण."

म्हटलं.
भिंतीपलीकडे टाकी भरत होती.
"अजून थोडा हलतोय," ती म्हणाली
आणि कुशीवर वळली.