पावणेआठची पायरी

केप ब्रेटनच्या पश्चिम किनाऱ्यावर वारा दारं उपटून नेतो,
म्हणून तिथले सुतार आधी बिजागरीवर विश्वास ठेवतात,
माणसांवर सवडीने.
तेओफिल त्यांतलाच.
कानामागे चपटी पेन्सिल, डाव्या हाताला साडेचार बोटं.
"मी स्वतःच मिश्र अपूर्णांक," तो म्हणतो,
आणि नव्या शिकाऊ मुलांना हसावं की नाही ते कळत नाही.

झेलीबाईंच्या घरातला जुना जिना बारा पायऱ्यांचा,
एकेक नऊ इंचांहूनही उंच.
नवऱ्याने बांधला होता, त्याच्या पायांच्या मापाने.
तो गेला. गुडघे राहिले, तिचे.
माळ्याच्या खिडकीतून बंदर दिसतं,
आणि दोन हिवाळे तिने बंदर पाहिलं नव्हतं.

जमिनीपासून माळ्यापर्यंत एकशे साडेआठ इंच.
पायरीची उंची ठरली पावणेआठ.
(पावणेआठ मी म्हणते. माझी भाषा आठाकडे बघते
आणि पाव कमी आहे म्हणते.
ते सातावर उभे राहून तीन चतुर्थांश वर मोजतात.
उंची तीच. बघण्याची जागा वेगळी.)

ओदीलने फळीवर भागाकार मांडला:
एकशे आठला सातने, अर्ध्याला पाऊणने,
पूर्णांकाला पूर्णांक, तुकड्याला तुकडा,
लग्नाच्या पंगतीत बसवावेत तसे.
पंधरा आले, वर काहीबाही उरलं,
आणि त्या काहीबाहीची पायरी कुठे ठोकायची
हे फळीला माहीत नव्हतं.

तेओफिलने पुसलं नाही. शेजारी लिहिलं.
"सात वेगळे नि पाऊण वेगळा, असा पाय पडतो का कधी?
आधी मोड त्यांना.
सातांचे चतुर्थांश अठ्ठावीस, वरचे तीन, एकतीस.
एकशे साडेआठचे अर्धे कर: दोनशे सतरा.
आता मागचा अपूर्णांक पालथा घाल आणि गूण."

दोनशे सतरा छेद दोन, गुणिले चार छेद एकतीस.
ओदील थांबली.
दोनशे सतरात एकतीस सात वेळा दडलेले होते,
कुणी हाक मारेपर्यंत गप्प.
सात दुणे चौदा.
काही उरलं नाही. भुसासुद्धा नाही.

मग गुणाकाराने खोड काढली.
पाय ठेवायची फळी सव्वादहाची, अशा तेरा:
एकशे सव्वातेहेतीस.
आणि न्हाणीघराचं दार एकशे तीसवर.
जिना दारात सव्वातीन इंच घुसला असता,
झेलीबाई वर चढल्या असत्या,
आंघोळीला मात्र वाकडं व्हावं लागलं असतं.
"पावणेदहा करून बघ," तेओफिल म्हणाला आणि चहा ओतायला गेला.
एकोणचाळीस चतुर्थांश, गुणिले तेरा.
पाचशे सात चतुर्थांश. एकशे पावणेसत्तावीस.
आता दार सव्वातीन इंच मोकळं.
जेवढं अडत होतं, नेमकं तेवढंच.
ओदीलने दोनदा पडताळलं,
कारण इतकी चांगली उत्तरं तिला शाळेत कधी आली नव्हती.

स्प्रूसचा वास आठवडाभर घरात राहिला.
शनिवारी झेलीबाई चढल्या,
एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने झगा धरून, मोठ्याने मोजत.
तेरावर फळ्या संपल्या.
त्या तिथेच वळल्या. "ए पोरी, चौदा म्हणाली होतीस.
एकीचे पैसे मी देणार नाही."

ओदील खालून काही बोलणार, इतक्यात
तेओफिलने साडेचार बोटं वर केली: थांब.

झेलीबाईंनी पाय उचलला, पावणेआठ इंच,
आणि तो माळ्यावरच पडला.
चौदावी कुणी बांधली नव्हती.
ती आधीपासून तिथे होती,
धुळीखाली, खिडकीपर्यंत पसरलेली.