अळणी

चहात मीठ नको, डॉक्टरीण म्हणाली.
माझा हात अजून बरणीपर्यंत जातो, परत येतो.
मीही अळणीच पिते. चोइजिलला वाटतं,
मी नुसतीच हळू पिते.

सकाळी आधी काटा : पोटातल्या पाण्याचा हिशेब.
मग, हात पुढे कर, बोटं पसर.
मग घोडे.
आमच्यात घोड्याला नाव नसतं, रंग असतो,
आणि रंग चुकले तर समजायचं
विष डोक्यात चढलंय.

आज त्याने सहा सांगितले, न अडखळता.
सहावा, कपाळी चांद असलेला तांबडा,
मागच्या हिवाळ्यात त्यानंच विकला
या खोलीच्या भाड्यासाठी.

वहीत काय लिहू?
बाहेर उलानबातरचा कोळशाचा धूर, उणे तीस.
सहा लिहिलं.
सिरपचा चमचा धरला त्याच्या ओठांशी.
तो म्हणाला, तुझा चहा निवला.