अंगण म्हणायचं त्याला

दत्तवाडीच्या इलियास मुजावरने मापं घेतली
तेव्हाच मी बजावलं होतं, पिंजरा म्हणायचं नाही.
अंगण म्हणायचं.
तो हसला आणि वहीत लिहिलं: मांजराचं अंगण,
दहा बाय सहा, वरून जाळी, दार एक.
साडेअकरा हजार. त्यातले पंधराशे नंतर.

सहकारनगरात तळमजल्यावर राहून
चार वर्षं मी दोघींना काचेतून जग दाखवलं.
ढेबरी आणि मिरी. सख्ख्या बहिणी.
भाद्रपदात एकदा जिन्याचं दार उघडं राहिलं,
त्याचा निकाल दिवाळीनंतर लागला,
कपाटाच्या खालच्या कप्प्यात, एकाच सोलापुरी चादरीवर.
पाच पिल्लं. कुणाची कोणती
हा हिशेब त्यांनी ठेवला नाही, मलाही ठेवू दिला नाही.
एक उठली की दुसरी आडवी व्हायची,
दूध चालू.

पौषातल्या एका शनिवारी अंगण उघडलं.
माझ्या मनात होतं: ऊन, शेपट्या,
तळजाईवरून येणारा वारा, आणि खुर्चीत मी, चहा घेऊन.
रेड ऑक्साइडचा वास अजून गेला नव्हता.
मिरी उंबऱ्याशी थांबली, नाक पुढे.
तिच्या मागे ढेबरी.
तगरीच्या बुंध्याशी
आगाश्यांचा फाटक्या कानाचा बोका
नुसता बसला होता,
मध्ये काच नसलेला.

मग जे झालं त्याला फक्त आवाज होता.
मिरी वळली ती थेट ढेबरीवर.
ढेबरीने तिचा कान धरला.
मध्ये हात घालू नये असं सगळे सांगतात,
मी घातला,
आणि मनगटापासून कोपरापर्यंत
दोघींनी मला वाटून घेतलं.
इंजेक्शन देताना डॉक्टर म्हणाले, पाळलेली आहेत ना?
मी हो म्हटलं, जरा वेळाने.

रात्री हात उशीवर ठेवून पडले होते
तेव्हा लक्ष्मीनारायण थिएटरचा चौक आठवला.
मी सात वर्षांची, आईचं बोट सोडून
बोरांच्या गाडीकडे निघालेले,
आणि पीएमटीची लाल बस फ्रॉकपासून वीतभर.
ड्रायव्हर वरून ओरडला, नको नको ते बोलला.
आई त्याला काही बोलली नाही.
वळली आणि मला फाडकन दिली.
ती चपराक बसची होती.
बस उंच होती, माझा गाल हाताशी होता.
त्रेपन्न वर्षं मी ती
आईच्या नावे मांडून ठेवली होती.

पुढचे दिवस दारं बंद. ढेबरी स्वयंपाकघरात,
मिरी झोपायच्या खोलीत,
टोपलीतून पिल्लांच्या फेऱ्या,
एकच टॉवेल हिच्या गालांना, मग तिच्या,
दाराच्या अल्याड पल्याड दोन ताटल्या, रोज बोटभर जवळ.
फटीतून फिस्स.
ताटली चाटूनपुसून, पुन्हा फिस्स.
पिल्लांना काय! ती दुसरीचा वास घेऊन पहिलीकडे जायची,
फटका खायची,
आणि परत पोटाशी.

अकराव्या दिवशी दारं उघडली.
आधी पिल्लंच गेली अंगणात. सगळ्यात बारकं
जाळीवर चढलं, पुरुषभर उंच, मग उतरता येईना, मग बोंबललं.
दोघी दोन खोल्यांतून आल्या.
मिरीने मानगूट धरून खाली आणलं,
ढेबरीने चाटलं, जरा जास्तच जोरात,
आणि मग दोघी दोन कोपऱ्यांत जाऊन बसल्या,
एकमेकींकडे पाठ करून.

संध्याकाळी इलियास पंधराशे न्यायला आला.
आवडलं का त्यांना?
मी पट्टी दाखवली.
तो जाळीशी वाकला, अंगाला वेल्डिंगचा वास,
आणि आत दोन शेपट्या एकदम फुगल्या,
तोंडं एकाच दिशेला.
अंगण म्हणे, तो म्हणाला, दोन पावलं मागे सरून.
मी डाव्या हाताने पैसे मोजून दिले.
तो गेला. तगरीखाली कुणी नव्हतं.
त्या तरी तिकडेच बघत होत्या.