आठवी लेन

आधीची दोन गेली, म्हणून याला सुपात घातलं.
नाव सुपडू.
प्रकाशाच्या घाटाखाली तापी शिकवत नाही,
ओढते.
हा ओढीला आडवा जायचा.

मग भुसावळ, रेल्वेचा तलाव,
तळाशी काळी रेघ.
अकरा वर्षं तिच्याकडे बघत एकच हिशेब:
अजून एक श्वास कुठे वाचेल.
मी काठावर, घड्याळ माझ्या मुठीत.
पन्नास मीटर म्हणजे
आई कळण्याची भाकरी उलटते, तेवढंच.

ऑलिम्पिकच्या दिवशी
पंचायतीच्या टीव्हीपुढे सतरंजी टाकली होती.
कुणी शेव-मुरमुरे वाटायला उठलं,
बसेपर्यंत झालंसुद्धा.
पाण्याचा नुसता फेस, मग नावांची यादी,
आपलं खाली, बरंच खाली.
"आखो दखाडा ना," धुडकू भोई म्हणाला,
"पोऱ्या दिखनाच नई."
परत कोण दाखवतं.

आता तो गाडीत तिकिटं तपासतो.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही,
वरच्या बर्थवाल्यांना खाली वाकायला सांगतो.

परवा घाटावर आला. उतरला.
डाव्या हातानं, थांबत, दम खात
पलीकडे गेला.
तिथून ओरडला, "किती?"
मी म्हटलं, घड्याळ घरी राहिलं.
खिशात ते चालूच होतं.