प्लगचा रंग

नवा सायलेन्सर बसवला तेव्हापासून
उतारावर गाडी फटफट शिव्या देते.
यावल नाक्यावरचे मुनाफ मिस्तरी
डाव्या कानानं ठार बहिरे. म्हणाले,
"आवाजाचं सांगू नको भो. प्लग काढ."

प्लग पांढराफटक.
"धूर जायला दार मोठं केलंस,
आत पेट्रोल तेवढंच. उपाशी पळते ती."

जेट एक नंबर मोठा,
सुईची क्लिप एक खाच खाली,
हवेचा स्क्रू पाव फेरा आत.
फैजपूरपर्यंत जाऊन आलो, केळीच्या बागांतून,
पाणी सुटलेलं, गुडघे गार.

पुन्हा प्लग: बिस्किटी.
मिस्तरींनी तो उन्हात धरून फिरवला.
"मेमध्ये भुसावळ पेटलं की
हवा पातळ होते. तेव्हा परत ये."

किती झाले विचारलं,
तर उजवा कान पुढे केला.