तेरला परत आल्यावर

अब्बा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते,
नाहीतर येडशीपासून जीपमध्ये
मी ठरवतच आले होते की गप्प बसायचं.

आम्ही चौदा जण, पांगारकर सर धरून पंधरा.
प्रत्येकाच्या बॅगेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी
आणि पतसंस्थेच्या कर्जाची एक झेरॉक्स,
जणू वाटेत कुणी अडवेल : कुणाच्या जिवावर निघालात?
कुणीच अडवलं नाही.
विमानतळावर एका पोरीनं धपाटा हुंगून पाहिला
आणि परत दिला.

अथेन्सला टेकडीवर ऊन आपल्यासारखंच,
टाळूतून आत शिरणारं.
छत नसलेल्या, देव नसलेल्या देवळापाशी
सुकेशिनीनं सवयीनं चपला काढल्या,
मग आम्ही सगळ्यांनीच.
तिथला पहारेकरी शिट्टी फुंकत आला,
चपलांची ओळ पाहिली, शिट्टी तोंडातच राहिली.
दगड तापलेले. आम्ही या पायावरून त्या पायावर.
नमस्कार केला की नाही, कुणालाच धड आठवत नाही.

रोमच्या बाहेर कमानींवरून नेलेला पाण्याचा पाट.
गाईड सांगत होती, किती कोस, किती उतार.
वैजिनाथ मान वर करून बघत राहिला.
म्हणाला, ‘आमच्या वाडीत टँकर गुरुवारी येतो.’
तिला वाटलं, त्यानं काही विचारलंय.
सरांनी भाषांतर केलं नाही.

एका चर्चमध्ये मी ओढणी डोक्यावर घेतली
तर बाकावरची म्हातारी सरकली, जागा केली.
तिच्या बोटांत माळ.
माझ्या ओठांवर तुम्ही शिकवलेलंच आलं.
दुसरं काय येणार?

राखेखालून काढलेल्या शहरात
रस्त्याच्या दगडांना गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या.
प्रयागानं पाऊल घालून माप घेतलं :
‘आपल्या गाडीचं चाक बसंल की हितं.’
सगळे हसले. माझं लक्ष नव्हतं,
कारण दुपारी नेपल्सचं संग्रहालय होतं
आणि तिथं ती आहे, हे मला ठाऊक होतं.

हस्तिदंती. वीतभर, किंवा जरा जास्त.
घोट्यापासून वर वाळेच वाळे.
तुमच्या कपाटातलीची थोरली बहीण, अब्बा.
लहानपणी रात्रपाळीला मला सोबत न्यायचात,
मी टॉर्च धरून बघायची झोपलीय का,
तेच डोळे.

पाटीवर लिहिलेलं : भारत.
पत्ता अर्धाच वाचता यावा तसं.
मी म्हटलं, सर, ही आपली.
सर म्हणाले, ‘तेरची असं नाही म्हणता येत.
भोकरदनची असेल. आणखी कुठली असेल.
पुरावा लागतो, मुलाणी.’
पुरावा म्हणजे काय ते शिकलेय मी.
तरी हलले नाही.
बाहेर हजेरी झाली, तेराच भरले, सर चिडले.
आत मी काचेला नाक लावून सांगत होते,
त्रिविक्रमाच्या देवळाच्या विटा अजून आहेत,
पांढरीतून पोरं अजून मणी उकरतात,
तेरणेला पाणी नाही,
कुंभाराचं चाक आता विजेवर फिरतं.

खुर्चीतली बाई उठली. खिशातून फडकं काढलं,
काचेवरचा माझ्या नाकाचा डाग पुसला,
आधी हा करून वाफ सोडून,
अगदी तुमच्यासारखा.

तुम्ही ऐकून घेतलंत. दाढी खाजवलीत.
मला वाटलं, विचाराल, बरी आहे ना ती.

‘कुलूप कुठलं हुतं?’

कशाचं?

‘कपाटाचं गं. आपल्याला अलीगढचं दिलंय,
पावसाळ्यात अडकतंय.’

मी पाहिलंच नाही, अब्बा.

‘येवढ्या लांब गेलीस,’ तुम्ही म्हणालात,
आणि बॅटरी घेऊन राउंडला निघालात.